भागिरथाची जीभ

इंझोरी
५ डिसेंबर १९७६

आत्या,

सप्रेम जयभीम. हे पत्र विमलताईच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही जयभीम. ताई, राग आला तरी मधेच घडी घालून ठेवू नकोस. अंतर्देशीय पत्र आहे, जागा तशीही थोडीच असते.

आत्या, तू लेकीकडे मंगरूळपीरला गेलीस त्याला नऊ महिने झाले. जानरावभाऊजी सज्जन माणूस, तुला काही कमी करत नसतील. पण जावयाच्या घरी हात बांधून बसणारी बाई तू नव्हेस. इथे तुझ्या घराच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. परवा मी स्वतः सारवून काढलं. जरा वाकडंतिकडं झालं आहे. एका डोळ्याने सारवलं की तसंच होणार.

डोळ्याचं म्हणशील तर डावा आता दुखत नाही. बुबुळावर फूल पडलं आहे, ज्वारीच्या लाहीएवढं पांढरं. उजेड की अंधार एवढं कळतं. उजव्याला चष्मा आहे. ग्रामपंचायतीत शिपायाचं काम मिळालं आहे आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवतो. मला खेळता येत नाही, पण ओरडता येतं.

आत्या, मी तुझ्यावर रागावलेलो नाही, हे सांगायला हे पत्र. तू काही मुद्दाम केलं नाहीस. जे झालं ते झालं, डोळा नशिबात नव्हता. गावातले लोक बोलले, पण लोकांचं तोंड कोणी धरावं? तू परत ये. चार दिवस बोलतील आणि विसरतील. आई गेल्यापासून तू मला वाढवलंस, आता तुझ्या म्हातारपणी मी आहे. गहू काढणीला येण्याआधी ये, म्हणजे झालं.

तुझा
देवमन


इंझोरी
२६ डिसेंबर १९७६

आत्या,

जयभीम. विमलताईचं कार्ड मिळालं. वर दोनच ओळी होत्या. "आई बरी आहे. कोणी कोणावर रागवायचं ते आधी नीट ठरव, मग लिही." खरं सांगतो, दोन दिवस मला फार राग आला. एवढ्या मायेने लिहिलं आणि हे उत्तर! तिसऱ्या दिवशी माझंच पत्र आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. चोरानेच पोलीस पाटलाला माफ करावं तसं ते पत्र होतं.

खाली ताईने विचारलं आहे की जानरावभाऊजींना ती डोळ्यात घालायची काच म्हणजे काय ते अजून समजलं नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

मला लहानपणापासून लांबचं दिसत नाही. चष्मा लावून चढाई करता येत नाही, समोरच्याने पाय ओढला की चष्मा पहिला जातो. दोन चष्मे फुटले. मग मी बिनचष्म्याचा खेळायचो. माणूस दिसायचा नाही, माणसाची सावली दिसायची. तरी मी चांगला होतो, हे मी नाही, कारंजा-मंगरूळची मैदानं सांगतील. शेवटी शालिग्राम पाटील, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांनीच काढलं की नागपुरात डोळ्याच्या आत बसवायची काच मिळते. करंगळीच्या नखापेक्षा लहान, पातळ, बुबुळावर पाण्याने चिकटून राहते. लेन्स म्हणतात. आपल्या वस्तीने आणि पाटलांच्या आळीने घरटी वर्गणी काढली, पाटील मला घेऊन गेले आणि मी दोन डोळ्यांत दोन लेन्स घालून आलो. आल्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, आत्या, कडुनिंबाला इतकी पानं असतात होय? तू हसून हसून पदर तोंडाला लावलास.

मग कारंज्याची स्पर्धा आली, गेल्या जानेवारीत. चार दिवसांची. नागपूरच्या एका गिरणीचा माणूस खेळाडू बघायला येणार होता. निवड झाली असती तर नोकरी होती. चौथ्या दिवशी अंतिम सामन्यात डाव्या डोळ्यातली लेन्स सरकून वरच्या पापणीत अडकली. सामना आम्ही जिंकलो. डोळा लालभडक झाला होता, काच काही निघेना. घरी आलो आणि तुझ्यापुढे बसलो, सगळं गाव बसायचं तसा.

जानरावभाऊजी मंगरूळचे, त्यांनी तुझी जीभ पाहिलेली नाही. गहू निघो की ज्वारी, कोणाच्याही डोळ्यात कुसळ गेलं की तो तुझ्या ओसरीवर यायचा. तू चूळ भरायचीस, पापणी उलटी करायचीस आणि जिभेच्या टोकाने कुसळ अलगद उचलायचीस. ज्यांच्या घरी आपल्याला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, ते तुझ्यापुढे डोळा वासून बसायचे. जिभेला विटाळ नव्हता, विटाळ फक्त लोट्याला होता. तशीच तू माझी लेन्सही काढलीस.

अकोल्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तोंडात जंतू असतात, डोळ्याला जीभ कधीच लावू नये. आत्या, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेवढं मी लोकांना सांगितलं. मी खोटं बोललो नाही.

पण पत्र का लिहितो ते अजून सांगितलं नाही. पोरांना मी चढाई शिकवतो. परवा एक पोर चढाईला गेलं आणि कबड्डी-कबड्डी म्हणायच्या जागी एका दमात म्हणू लागलं, "भागिरथाची जीभ आली, देवमनचा डोळा खाल्ला." सगळी पोरं हसली. मी त्याला मैदानातून काढलं.

तू ये. मी सगळ्यांना गप्प करतो.

देवमन


इंझोरी
१६ जानेवारी १९७७

आत्या,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मीही हटणार नाही, तूच वाढवलेला आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या नाहीत. आणखी खूप म्हणाल्या.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, लेन्स ठेवायची डबी कुठे आहे? ती माझ्या खिशातच होती. त्यांनी झाकण उघडलं आणि नाकाजवळ नेऊन लगेच दूर केली. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. विचारलं, यात काय घालता? मी म्हणालो, पाणी. कसलं पाणी? मी म्हणालो, रांजणातलं.

नागपुरात लेन्स देताना औषधाची बाटली दिली होती. रोज झोपताना लेन्स काढायची, हात साबणाने धुवायचे, त्या औषधात बुडवून ठेवायची, थुंकी लावायची नाही, डोळा लाल झाला तर लेन्स काढून डॉक्टरकडे जायचं. हे सगळं मी तिथे पाठ म्हणून दाखवलं होतं. पाटील कौतुकाने माझ्याकडे बघत होते. बाटली दिवाळीला संपली. ती फक्त नागपुरात मिळते. कोणाला सांगायला मला संकोच वाटला, आणि म्हटलं, आपल्या रांजणाचं पाणी अख्खं घर पितं, त्याने काचेला काय होतं? मैदानावर लेन्स पडली की जिभेवर घोळवायचो आणि परत डोळ्यात घालायचो. कारंज्याच्या चार दिवसांत ती काढलीच नाही, रोज घालून झोपलो. दुसऱ्या दिवसापासूनच डोळा टोचत होता. उजेड सहन होत नव्हता. मी कोणाला बोललो नाही, कारण तो गिरणीचा माणूस चौथ्या दिवशी येणार होता.

डबीतलं पाणी आणि डोळ्यातला हिरवट पू दोन्ही तपासायला पाठवले. दोन्हींत एकच जंतू निघाले. ओलीत, साठलेल्या पाण्यात वाढणारे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आत्यांनी लेन्स काढली हे चांगलं केलं, जिभेने काढली हे वाईट केलं. पण हा डोळा त्याच्या दोन दिवस आधीच चालला होता. तो तुमच्या डबीने घेतला."

मी विचारलं, बाई, हे आमच्या गावात कळेल का?

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तर कळेल."

देवमन


इंझोरी
३ मार्च १९७७

आत्या,

सात आठवडे झाले. पोस्टमन मला बघून लांबूनच मान हलवतो.

एक गोष्ट राहिली आहे. तीन पत्रं तिच्या आजूबाजूने फिरलो, नदीत पाय घालायची भीती वाटणाऱ्या बैलासारखा. तुला ती कितपत माहीत आहे, मला ठाऊक नाही. ताई, तू वाचताना थांबू नकोस.

इस्पितळात मला पाचवा दिवस होता. दर तासाला डोळ्यात थेंब घालत होते. तू खाली चहा आणायला गेली होतीस. तेवढ्यात शालिग्राम पाटील संत्री घेऊन आले. पलंगाच्या कडेला उभे राहून त्यांनी विचारलं, "कसं झालं रे पोरा हे? काच तं चांगली होती नं?"

त्या एका क्षणात मला वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरलेली माणसं दिसली. मी डबीचं नाव घेऊ शकलो नाही. मी म्हणालो, "आत्यानं जीभ लावली."

तीनच शब्द होते. खोटे नव्हते, म्हणूनच तर चालून गेले. पाटलांनी ते गावात नेले आणि गावात त्या शब्दांना हातपाय फुटले. आपण तेवीस दिवसांनी घरी आलो तेव्हा ते आपल्या आधी पोचले होते. पाटील चार माणसं घेऊन तुझ्या दारात आले. "या बाईच्या जिभेत विष हाय, इतक्या दिवस आमी ह्यायच्या तोंडी डोये देल्ले कायले," असं म्हणाले. मी आत खाटेवर होतो, डोळ्याला पट्टी होती, कानाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. भाकरी झाकून ठेवली होतीस. मी ती खाल्ली, हेही सांगून टाकतो.

आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही.

देवमन


मंगरूळपीर
१७ मार्च १९७७

देवमन,

आई बोलते तसं लिहिते आहे. यात एक शब्द माझा नाही. माझे शब्द लिहिले असते तर कागद पेटला असता. — विमल

पोरा, तुही चारही पत्रं आयकली. विमल वाचताना मधातच थांबे, मी म्हनो वाच पुढं.

तू लिवतं का डाक्टरनीनं सांगलं, डोया आंधीच चालला होता. मले डाक्टरनीनं सांगाची काय गरज होती? तीस साल मी लोकायचे डोये पाह्यले. चांगल्या डोयाचं पानी खारट लागते. तुह्या डोयाले जीभ लावली अन् कडू लागलं. तवाच मले समजलं का हा डोया आतून सडून राह्यला. म्हनून तं पयल्या गाडीनं तुले अकोल्याले नेलं. तू तं म्हने, उद्या पाहू.

अन् तू शालिग्रामले काय सांगलं थे बी मले म्हाईत होतं. त्यानं माह्या दारात उभं राहूनच सांगलं, तुह्या भाच्याच्या तोंडचं हाय म्हने. मी तवा काहून बोलली नाई? माह्या एका सबदानं तुहं तोंड खाली झालं असतं. मी म्हनलं, देवमन बोलन. आता उठन, मंग बोलन. तू भितीकडं तोंड करून पडला होता. झोपला नवता. मले समजते तू कवा झोपतं अन् कवा नाई. लहानपनापासून पाहून राह्यली.

लोकायच्या बोलन्याचं मले काई नाई. जल्मभर आयकलं. तुह्या गप राहन्याचं लागलं.

जीभ लावनं मी त्याच दिवशी सोडलं. इथं बी दोघी-तिघी आल्या होत्या, वापस पाठवल्या. थे कडू अजून तोंडातून जात नाई.

आता कागदावर लिवू नको. कागद मी अन् विमल दोघीच आयकतो. ज्यायच्या समोर बोलला त्यायच्या समोर बोल. मंग पाहू.

भागिरथा


इंझोरी
१५ एप्रिल १९७७

आत्या,

कागदावर लिहू नको म्हणालीस, तरी हे एक लिहितो. बोलून झाल्यावर लिहितो आहे, म्हणून चालेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी ठरवलं की जयंतीला बोलायचं. ग्रामपंचायतीसमोर पाच-सात जणांना सांगून मोकळा झालो असतो, पण ते तीन शब्द अख्ख्या गावाने वापरले होते. जयंतीला दरवर्षी संध्याकाळी मैदानावर कबड्डीचा सामना असतो, आपली वस्ती असते आणि पाटलांची आळीही असते. कारंज्याहून भोंगा आणला होता. मला पंच केलं होतं. एका डोळ्याचा पंच, पोरांना त्याचीही मजा वाटते.

सामन्याआधी मी माईक मागून घेतला. लोकांना वाटलं, नियम सांगणार. मी सरळ सुरुवात केली. डबी, रांजणाचं पाणी, थुंकी, चार दिवस डोळ्यातच ठेवलेली लेन्स, सगळं सांगितलं. इस्पितळात पाटलांना काय म्हणालो तेही सांगितलं. आत्याने लेन्स काढली तेव्हा डोळा आधीच गेलेला होता, आणि हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा भोंगा खरखरला.

मग पाटील खुर्चीतून उठले. चेहरा तांबडा झाला होता. "आमी वर्गनी देल्ली थे डबीत सडवाले काय रे?" मी म्हणालो, "हो पाटील. सडवली ती मीच सडवली." त्यांच्या आई, प्रयागबाई, मागे बसल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी तं पयल्या दिवसापासून म्हनून राह्यली होती का भागिरथा तशी नोहे." आत्या, त्या एकदाही तसं म्हणाल्या नव्हत्या. पण आता गावात निम्मी माणसं पहिल्या दिवसापासून म्हणत होती असं निघालं आहे.

मला वाटलं होतं, अवघड ते संपलं. खरं अवघड त्यानंतर आलं. पाटलांचा राग पाच मिनिटं टिकला, मग ते म्हणाले, "जाऊ दे. मंग बोलाव भागिरथाले. गहू निंगून राह्यला, अर्ध्या गावाच्या डोयात कुसं हाय." लोक माना हलवू लागले. एक जण तर कोणत्या गाडीने आणायचं ते सांगायला लागला.

गप्प राहिलो असतो तर तू वाजतगाजत आली असतीस. ओसरीवर पुन्हा रांग लागली असती. क्षणभर मला मोह झाला. पण गप्प राहून काय होतं ते मी वर्षभर पाहिलं आहे. मी पुन्हा माईक धरला आणि म्हणालो, आत्याचा दोष नव्हता, पण डोळ्याला जीभ लावायची नाही. तिची नाही, कोणाचीच नाही. कुसळ गेलं तर उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, नाही निघालं तर कारंज्याला डॉक्टर आहे. आत्यानेही जीभ लावणं सोडलं आहे.

पाटील म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, त्यात वाईट हेतू नव्हता, "मंग थे इथं येऊन करीन काय?"

आत्या, तीस वर्षांत या गावाला तुझी जीभ तेवढी माहीत झाली. मला वाटतं, मलाही गेल्या वर्षी तेवढीच आठवली. मी भोंग्यातून म्हणालो, "काईच नाई करन. आपल्या घरी राहीन. मी तिचा भाचा हाव."

मग सामना झाला. मी एक चुकीचा निकाल दिला, त्यावर भांडण झालं, म्हणजे सगळं पूर्ववत आहे.

मंडळाने मला पोरांना शिकवायचं बंद करायला सांगितलं आहे. ते मी सोडणार नाही. मैदान शाळेचं आहे, गुरुजींशी मी बोललो आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने मंगरूळपीरला येतो. चौदा महिन्यांत मी एकदाही आलो नाही, आणि पत्रांत त्याचं कारण कधी दिलं नाही. कारण एवढंच की तुझ्यासमोर उभं राहायची मला हिंमत नव्हती. विमलताईला म्हणावं, पहिल्या दहा मिनिटांत काय बोलायचं ते बोलून घे, मी उलटून बोलणार नाही.

तू मात्र पिशवी आधी भरू नकोस. माझं तोंड बघ, मग ठरव.

देवमन